पिशवीमागे तेरा मिनिटं

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंदुरातल्या आमच्या शिलाईच्या खोलीवर एक काकू आल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून दीडशे कापडी पिशव्या हव्या होत्या. "प्लॅस्टिक नको गं बाई. आणि म्हटलं, बाहेरून घेण्यापेक्षा तुम्हा बायकांना तेवढीच मदत." त्यांनी नमुना उलटसुलट करून पाहिला, धरायचे बंद ओढून पाहिले, शिवण आवडली. मग भाव विचारला. मी चाळीस सांगितला. काकूंचा चेहराच उतरला. "चाळीस? अगं, राजवाड्याच्या बाजारात तीसला मिळते. आणि तुम्ही तर घरच्याच!"

मदत करायला आलेलं माणूस दहा रुपये कमी का मागतं, हा प्रश्न मला गेली आठ वर्षं पडलाय. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी परदेशीपुऱ्याजवळच्या एका भाड्याच्या खोलीत चालणाऱ्या नऊ बायकांच्या शिलाईकामाचा हिशेब बघायला लागले. मला स्वतःला अजून सरळ शिवण घालता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. मशीनवर बसतात त्या नऊजणी. त्यातल्या चौघी मराठी, बाकीच्या माळव्यातल्या आणि निमाडातल्या. खोलीत बोलणं चालतं ते आमच्या इंदुरी खिचडीत. शिवणकाम असं कोणी म्हणत नाही, 'सिलाई'च म्हणतात. "ताई, आज सिलाई का लॉट आला नाही का?" पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.

तर त्या चाळीस रुपयांचा हिशेब. पिशवी चौदा बाय सोळा इंचांची. ४४ इंच पन्ह्याचं मांजरपाट घेतलं, तर ९० सेंटीमीटरमध्ये दोन पिशव्या बसतात आणि कडेला उरलेल्या पट्टीतून दोन्हींचे बंद निघतात. म्हणजे एका पिशवीला ४५ सेंटीमीटर कापड. आम्हाला ते ४४ रुपये मीटरने पडलं होतं, म्हणजे झाले वीस रुपये. दोऱ्याचा १, कलशाच्या छपाईचे ३. खोलीचं भाडं, वीज, सुया, तेल, मशीनची दुरुस्ती आणि वाया जाणारं कापड हे सगळं वाटून पिशवीमागे ३. इथवर २७ झाले. आता मजुरी. कापणीला दीड मिनिट, बंद तयार करायला तीन, दोन्ही बाजूंच्या शिवणी अडीच, तोंडाची पट्टी दुमडून बंद जोडायला चार. (तिथे चौकोन शिवून आत फुली मारावीच लागते. नाहीतर दोन किलो बटाट्यांनी बंद उसवतो आणि नाव आमचं खराब होतं.) दोरे कापून, घडी घालून, मोजून ठेवायला दोन. एकूण तेरा मिनिटं.

आठ तासांची ४८० मिनिटं होतात, पण सुई खरोखर चालते ती ४०० मिनिटं. बाकीचा वेळ बॉबिन भरण्यात, दोरा तुटण्यात, चहात आणि लाईट जाण्यात जातो. आठ तास कंबर मोडून बसणाऱ्या बाईला दिवसाला ४०० रुपये तरी मिळावेत, असं आम्ही ठरवलंय. म्हणजे मिनिटाला एक रुपया. तेरा मिनिटांचे तेरा आणि आधीचे सत्तावीस, झाले चाळीस. नफ्याचा रकाना यात नाहीच.

आता काकूंचे तीस घेऊ. कापडवाला कमी करत नाही, छपाईवाला करत नाही, वीज कंपनी तर नाहीच नाही. सत्तावीस जसेच्या तसे जातात आणि तेरा मिनिटांच्या वाट्याला तीन रुपये उरतात. दिवसभरात तीस पिशव्या झाल्या तर नव्वद रुपये. काकूंनी कमी मागितलेले दहा रुपये मशीनवर बसलेल्या बाईच्या ताटातूनच जातात, कारण या सगळ्या हिशेबात ताणता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की बायकांच्या छोट्या शिलाई उद्योगाला मशीन कमी पडत नाही, प्रशिक्षण कमी पडत नाही, 'जिद्द' तर कधीच कमी पडली नाही. कमी पडतो तो मिनिटाचा भाव आणि तो कधी हातात पडणार याची कागदावरची तारीख. हे दोन्ही मिळत नाही तोवर बाकीचं सगळं कौतुक फोटोपुरतं.

राजवाड्यावर तीसला मिळते, हे खोटं नाही. मी जाऊन आणली, उसवून पाहिली. कापड विरळ होतं आणि फुली नव्हती. पण शिवण सरळ होती आणि ती आमच्यापेक्षा निम्म्या वेळात घातलेली असणार, यात शंका नाही. कारखान्यातलं मशीन पळतं. तिथे एक जण दिवसभर फक्त बंद शिवतो, दुसरा फक्त बाजू शिवतो. त्यांच्या मिनिटाला आमच्याइतकाच भाव दिला तरी पिशवी स्वस्त पडेल. हा फरक आम्ही मान्य करायला हवा. आमच्याकडेही पूर्वी एका पिशवीला सतरा मिनिटं लागत. प्रत्येकीने आपली पिशवी अथपासून इतिपर्यंत शिवायची, अशी पद्धत होती. का, तर 'माझी पिशवी' म्हणून समाधान. मग बंदांचं काम एकीकडे दिलं. मशीनला पट्टी आपोआप दुमडणारा छोटासा फोल्डर लावला, कापणी एकावर एक वीस थर ठेवून करायला लागलो आणि चार मिनिटं वाचली. समाधानाबद्दल पुन्हा कोणी तक्रार केली नाही. भावाची घासाघीस करायचीच असेल तर ती मिनिटांवर करा, आम्ही तयार आहोत. सतराची तेरा झाली, उद्या दहा होतील. पण मिनिटाचा रुपया आठ आण्यांवर आणायचा आणि त्याला सक्षमीकरण म्हणायचं, हे चालणार नाही.

मशीन वाटण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण निवडणूक असो, कोणाचा वाढदिवस असो किंवा महिला दिन, आपल्याकडे गरीब बाईला द्यायची वस्तू ठरलेली आहे. शिलाई मशीनला आपल्या मनात एक पावित्र्य आहे. यंत्रांना नावं ठेवणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका मुलाखतीत सिंगरच्या मशीनला अपवाद म्हणून सोडलं होतं. मुलाखत घेणारा तरुणही हुशार. त्याने लगेच विचारलं, की मग ही मशीन बनवायला कारखाना लागेल, त्याचं काय? गांधीजी म्हणाले, असे कारखाने सरकारच्या ताब्यात असावेत. मशीन कोण बनवणार इथपर्यंत ती चर्चा पोचली. मशीनवर बसणाऱ्या बाईला भाव कोण देणार, हा प्रश्न तेव्हा राहिला तो अजून राहिलाच आहे.

मी स्वतः तीन घरांत वाटपातली मशीन पाहिली. एकीवर टीव्ही, एकीवर घडीच्या कपड्यांचा ढीग, तिसरीचा पट्टा उंदराने खाल्लेला. बायका आळशी आहेत म्हणून हे झालं नाही. पायाच्या एका साध्या मशीनवर विकाऊ कपडा पूर्ण होतच नाही, म्हणून झालं. आतल्या कडांचे दोरे सुटू नयेत म्हणून इंटरलॉकचं मशीन लागतं, शर्टाला काज-बटण लागतं, शेवटी चांगली इस्त्री लागते. ज्या घरी फक्त मशीन आहे, ती बाई इंटरलॉकसाठी पिशवी घेऊन दोन गल्ल्या चालते, तिथे रांगेत थांबते, पीसमागे पैसे मोजते आणि उरलेल्या दमड्या घेऊन परत येते. दहा घरांत दहा मशीन देण्यापेक्षा एका गल्लीत एक इंटरलॉक, एक काज मशीन आणि कापणीचं एक लांब टेबल दिलं, तर कामाचा उरक कितीतरी वाढेल. पण टेबलाला हार घालून फोटो काढता येत नाही.

केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत, जी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा प्रकारच्या कारागिरांत शिंपीही आहे. साहित्यासाठी १५ हजार, प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५००, पुढे आधी एक लाखाचं आणि मग दोन लाखांचं कर्ज, तेही पाच टक्क्यांनी. योजना वाईट नाही. आमच्यातल्या दोघींनी अर्ज केलेत आणि मीच ते भरले. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला पाच टक्के व्याज ऐकून बरं वाटतं. पण त्याच अनुभवातून हेही कळतं, की कर्ज फिटतं ते ऑर्डरीतून. ऑर्डर नसेल तर पाच टक्केही जड आणि शून्य टक्केही जड.

सरकार ऑर्डरही देतं, नाही असं नाही. आपल्या मध्य प्रदेशात शाळेचे गणवेश बचत गटांकडून शिवून घेण्याचे प्रयत्न झाले, ते योग्यच होते. पण समग्र शिक्षा योजनेत एका मुलामागे वर्षाला दोन गणवेशांचे मिळून ६०० रुपये धरतात. म्हणजे एकाला तीनशे. त्यात शर्टाचं कापड, पँटचं कापड, बटणं, चेन, शिलाई, इस्त्री आणि शाळेपर्यंत पोचवणं आलं. वर दिलेला पिशवीचा हिशेब ज्याला कळला त्याला यातली शिलाई कुठून निघणार हे सांगायला नको. हा आकडा ठरवताना कागदावर मिनिटांचा रकाना होता का, एवढंच मला विचारायचंय.

माझ्या मनात मात्र सारखी येते ती गिरणी. आमची खोली ज्या भागात आहे तो सगळा गिरणीवाल्यांचा भाग. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशी गिरण्यांची नावं आता चौकांना आणि थांब्यांना उरलीत. हुकुमचंद मिल नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगार कोर्टात गेले. वर्षानुवर्षं तारखा पडल्या, माणसं म्हातारी झाली, कित्येक गेली. शेवटी २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटींच्या थकबाकीचा प्रश्न सुटला. तीस वर्षांहून अधिक काळ! ही लाजेची गोष्ट आहे, पण तिची दुसरी बाजूही पाहा. तीस वर्षं भांडता आलं, कारण भांडायला कागद होता. हजेरीपट होता, पगारपत्रक होतं, भविष्य निधीचा नंबर होता, युनियन होती. कोणाचे किती रुपये बाकी आहेत, हे नावानिशी सांगता येत होतं.

आमच्यातल्या सगळ्यात वडील बाईंना सगळ्या मावशी म्हणतात. त्यांच्या घरचा पगार गिरणीबरोबर थांबला आणि त्यांनी उषा कंपनीचं मशीन बाहेर काढलं. लहान मुलांचे कपडे हा इंदूरचा मोठा धंदा. व्यापाऱ्याकडून कापलेल्या फ्रॉकचे गठ्ठे घरी यायचे, डझनावर भाव ठरायचा. दोरा मावशींचा, वीज मावशींची, सुई मोडली तर मावशींची. एखाद्या पीसवर तेलाचा डाग दिसला की त्या पीसचे पैसे कापायचे. मग एका दिवाळीनंतर त्या व्यापाऱ्याने दुकान बदललं. मावशींचे चार हजारांच्या वर अडकले. पुरावा म्हणून त्यांच्याकडे काय होतं? शाळकरी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने मारलेल्या उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुडीत. ती वही त्यांनी मला दाखवली आहे. नवऱ्याचा हिशेब कोर्टात तीस वर्षं टिकला, बायकोचा पेन्सिलीत होता. त्यावर दावा तरी कोणत्या कोर्टात लावायचा?

हे इंदूरपुरतं नाही. अहमदाबादेत इला भट्ट स्वतःच्या कष्टावर पोट भरणाऱ्या बायकांची 'सेवा' ही संघटना नोंदवायला गेल्या, तेव्हा अडचण हीच सांगितली गेली होती, की या बायकांना मालकच नाही, मग युनियन कोणाविरुद्ध? १९७२ साली ती नोंद झाली आणि तो एक दरवाजा उघडला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी १९९६ साली वेगळा करार केला, त्यावर भारताची अजून मान्यता नाही. सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली आहे. व्याख्येत आलो, आता वहीत यायचं राहिलं.

आणि कायदा अगदीच नाही असंही नाही, याची मला जास्त चीड येते. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. मी बँकेत इतकी वर्षं काढली, इतकं कडक व्याज आम्ही कोणाला लावलं नाही. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा धरता येईल. वाचून मी खूश झाले. आमचा उद्यम नोंदणीचा, म्हणजे सरकारदरबारी लघुउद्योग असल्याचा, नंबर बिलावर ठळक छापून घेतला. दोनच महिन्यांत आमचं नेहमीचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "दीदी, ये नंबर बिल पे मत डालो, हमारे सीए को दिक्कत होती है." नंबर काढला नाही, तेव्हा त्यांनी पुढचा लॉट दुसरीकडे दिला. तक्रार करायला सरकारी परिषद आहे, ऑनलाइन अर्ज आहे, सगळं आहे. पण ज्याच्याकडून उद्याचं काम यायचंय त्याच्यावर आज तक्रार कोण करणार? कायदा दोन बरोबरीच्या माणसांना धरून लिहिलाय. इथे एकीकडे दुकान आहे आणि दुसरीकडे महिनाअखेरीची फी.

आता आमचीही झाकली मूठ उघडते. एका कँटीनसाठी आम्ही १२० एप्रन शिवले. कोरं कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापायचं, हे शिवणाऱ्या घरातल्या पोरीलाही ठाऊक असतं. घाई होती, पाऊस होता, वाळवायला जागा नव्हती, तसंच कापलं. पहिल्या धुण्यात एप्रन चार बोटं वर चढले. सगळे परत आले. कापडाचे पैसे गेले, गिऱ्हाईक गेलं, आणि तीन आठवडे खोलीत कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. तसंच लग्नसराईचं. एप्रिल-मेमध्ये एकीच्या भाचीचं लग्न, दुसरीच्या दिराचं, आणि नेमकी तेव्हाच शाळा सुरू होण्याआधीची ऑर्डर. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी तर सगळं इंदूरच रस्त्यावर, तेव्हा मी मशीनचा विषयही काढत नाही. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे वाकडी शिवण आली तर ती उसवायला सांगणं. समोर बसलेली बाई रात्री दोनपर्यंत आजारी सासूजवळ होती, हे माहीत असताना "हे परत कर" म्हणायला जीभ उचलत नाही. मी पहिली दोन वर्षं म्हटलंच नाही. त्याने तिचं भलं झालं नाही, आमचंही नाही. आपुलकी जेवणाच्या डब्यात असावी, तपासणीच्या टेबलावर नको. आता तपासणी मावशी करतात आणि त्यांच्यापुढे माझंही चालत नाही.

कोणी म्हणेल, आता मोठ्या उद्योगाचे दिवस आहेत, तुमच्या खोल्यांचं काय घेऊन बसलात. धार जिल्ह्यात बदनावरजवळ पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतंय, सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांनी त्याची पायाभरणी केली. होऊ दे. तिथे बायकांना नोकऱ्या मिळाल्या, हजेरी लागली, भविष्य निधी कापला गेला तर मला आनंदच आहे. आमच्यातली एखादी तिशीची पोरगी बस पकडून गेली तर मी पेढे वाटीन. पण आमच्यातल्या सहा जणी जाऊ शकत नाहीत. दुपारी साडेबाराला शाळेची रिक्षा येते, चारला नळ येतो, घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं. त्यांचं काम या वेळांच्या फटींतच बसतं. मोठ्या पार्कमधून छोटं काम बाहेर सुटणारच, हा धंदाच तसा आहे. ते सुटताना चिठ्ठी लिहूनच सुटावं: किती पीस, काय भाव, कोणत्या तारखेला पैसे, खाली देणाऱ्याची सही. सरकारला सवलतीच द्यायच्या असतील तर त्या या चिठ्ठीशी बांधाव्यात.

आणि सरकारपर्यंत जायच्या आधी आपल्याच गल्लीत येऊ. इंदुरात मराठी माणसांची मंडळं काय कमी आहेत? गणेशोत्सव, व्याख्यानमाला, संमेलनं, वधूवर मेळावे. प्रत्येक ठिकाणी पिशव्या लागतात, बॅनर लागतात, उपरणी लागतात. गेल्या वर्षी अशाच एका मंडळाने आमच्याकडून पिशव्या घेतल्या, व्यासपीठावर बोलावून नारळ दिला, 'नारीशक्ती' म्हणून टाळ्या वाजवल्या आणि पैसे पाच महिन्यांनी दिले. त्यातही 'आपल्याच संस्थेला' म्हणून गोल रकमेत वरचे कापून. मला सत्कार नको होता. अर्धे पैसे आगाऊ हवे होते, कापड उधार आणावं लागलं नसतं. हलवायाला, मंडपवाल्याला, ढोलवाल्याला आपण बिनबोभाट आगाऊ देतो. शिवणाऱ्या बाईशी व्यवहार करायचा म्हटलं की आपल्याला एकदम समाजसेवा आठवते.

काकूंना मी हिशेबाचा कागद दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, तेरा मिनिटांपाशी थांबल्या, "एवढा वेळ लागतो का गं?" म्हणाल्या, आणि "घरी विचारून सांगते" म्हणून गेल्या. पुढे काही कळवलं नाही. संक्रांतीनंतर त्यांच्याकडे हळदीकुंकवाला बोलावणं आलं, मी गेले. तिळगूळ छान होता. वाण म्हणून प्लॅस्टिकची एक डबी मिळाली. ती आम्ही बॉबिन ठेवायला वापरतो, झाकण घट्ट बसतं.